तीनदा नवरा हरला, तीनदा बायको जिंकली: आचार्य कृपलानींच्या घरातलं राजकारण

निवडणुकीचा निकाल लागला की गुलाल दोन दिवसांत धुवून जातो, पण घरातली अढी तशी जात नाही. सीमाभागात तर हे आपण दर निवडणुकीला बघतो. थोरला भाऊ समितीचा, धाकटा राष्ट्रीय पक्षाचा, मेहुणा तिसऱ्याच पॅनेलमध्ये. मतमोजणीच्या संध्याकाळी एकाच्या दारात फटाके आणि शेजारच्या दाराला आतून कडी. मग गणपतीला एकमेकांच्या घरी जाणं थांबतं, बारशाचं आमंत्रण येत नाही, फॅमिली ग्रुपमधून कुणीतरी बाहेर पडतं. कारवार, बिदर, गोवा, इंदूर, बडोदा, कुठेही राहणारा मराठी माणूस असो, हा अनुभव बहुतेकांच्या ओळखीचा आहे.

अशा वेळी आचार्य जीवतराम भगवानदास कृपलानी यांचं आयुष्य आठवण्यासारखं आहे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष असलेला हा माणूस पुढे त्याच काँग्रेसचा कडवा विरोधक झाला. त्याची बायको मात्र काँग्रेसमध्ये परतली, पक्षाची सरचिटणीस झाली आणि पुढे देशातली पहिली महिला मुख्यमंत्री. नवऱ्याने तीन मोठ्या निवडणुका हरल्या आणि त्या तिन्ही वेळा बायको निवडून आली. तरी त्यांचं घर मोडलं नाही.

सिंधचा मुलगा, फर्ग्युसनचा विद्यार्थी

कृपलानींचा जन्म 11 नोव्हेंबर 1888 चा, सिंधमधल्या हैदराबादचा. हे आपलं निजामाचं हैदराबाद नव्हे, आज पाकिस्तानात असलेलं. शिक्षणासाठी ते आधी मुंबईच्या विल्सन कॉलेजात आले. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. पोरगा वर्गापेक्षा चळवळीत जास्त रमणारा. तिथून कराचीच्या कॉलेजात गेले, तर तिथेही विद्यार्थ्यांच्या संपाच्या भानगडीत नाव आलं आणि बाहेर पडावं लागलं. शेवटी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजाने त्यांना पदरात घेतलं आणि तिथून ते पदवीधर झाले. रँग्लर परांजपे तेव्हा फर्ग्युसनचे प्राचार्य होते.

पुढे बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या कॉलेजात ते इंग्रजी आणि इतिहास शिकवू लागले. 1917 साली गांधीजी चंपारणला निघाले तेव्हा वाटेत मुझफ्फरपूरला त्यांना उतरवून घेणारे हेच प्राध्यापक. सरकारी कॉलेजातल्या माणसाने हे केलं म्हणजे नोकरीवर पाणी सोडण्याचीच तयारी. तशी ती गेलीही. नंतर काशी हिंदू विद्यापीठात थोडा काळ, मग अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठाचे प्राचार्य. तिथे नावाला चिकटलेली आचार्य ही पदवी शेवटपर्यंत राहिली.

माणूस उंच, सडपातळ, केस विस्कटलेले आणि जीभ धारदार. कुणाची भीडभाड नाही. गांधीजींवर अपार निष्ठा, पण त्यांच्यासमोरही मान डोलावण्यापुरतं बोलायचं नाही. 1934 पासून 1946 पर्यंत ते काँग्रेसचे सरचिटणीस होते. अध्यक्ष येत गेले, जात गेले, कचेरी कृपलानींनी सांभाळली.

गांधीजींना न रुचलेलं लग्न

सुचेता मजुमदार बंगाली कुटुंबातल्या. जन्म 1908 चा, अंबाल्याचा. वडील सरकारी डॉक्टर, त्यामुळे बदल्यांचं बालपण. दिल्लीत शिकल्या आणि काशी हिंदू विद्यापीठात राज्यघटनेचा इतिहास शिकवू लागल्या. तिथेच कृपलानींशी ओळख वाढली. त्यांच्यात वीस वर्षांचं अंतर. तो सिंधी, ती बंगाली. दोन्ही घरांतून विरोध.

त्याहून मोठा विरोध झाला तो गांधीजींचा. संसारात पडला तर आपला खंदा कार्यकर्ता हातचा जाईल, अशी त्यांना काळजी. सुचेताबाईंनी दुसऱ्या कुणाशी तरी लग्न करावं असंही त्यांनी सुचवून पाहिलं. सुचेताबाईंनी ते साफ नाकारलं. आपल्या आठवणींत त्यांनी लिहून ठेवलंय की, एक माणूस जाईल असं का समजता, एकाचे दोन मिळतील असं समजा, या अर्थाचं उत्तर त्यांनी गांधीजींना दिलं. 1936 साली लग्न झालं आणि गांधीजींनीही शेवटी आशीर्वाद दिला.

हा प्रसंग पुढचं सगळं समजायला महत्त्वाचा आहे. ज्या बाईने तरुणपणी गांधीजींसमोर स्वतःचा निर्णय स्वतः घेतला, ती पुढे नवऱ्यासमोरही तसाच घेणार हे उघड होतं. आणि कृपलानींनी लग्न केलं ते याच बाईशी.

एक नगरच्या किल्ल्यात, एक भूमिगत

1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत छोडो भारतचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढाऱ्यांची धरपकड झाली. काँग्रेस कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आणि त्यांच्यासोबत कृपलानी. जवळजवळ तीन वर्षं ही मंडळी एकत्र होती. पुढे ज्यांच्याशी कृपलानींचे जाहीर खटके उडाले, त्यातल्या कित्येकांबरोबर त्यांनी नगरच्या त्या भिंतींच्या आत ऊन, पाऊस, आजारपण काढलं होतं.

सुचेताबाई बाहेर होत्या, पण घरी नव्हत्या. अरुणा असफअली, अच्युतराव पटवर्धन यांच्यासारख्या भूमिगतांच्या फळीत त्या काम करत होत्या. 1944 मध्ये पकडल्या गेल्या आणि त्यांनाही तुरुंग घडला. 1946 मध्ये नोआखालीत दंगली पेटल्या तेव्हा नवरा-बायको दोघंही तिकडे धावले. कृपलानी परतले, सुचेताबाई मागे राहून पीडित बायकांमध्ये काम करत राहिल्या.

14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री संविधान सभेत वंदे मातरम् गायलं ते सुचेता कृपलानींनी. त्या रात्री काँग्रेसचे अध्यक्ष होते जीवतराम कृपलानी. एकाच घरातली दोन माणसं, एकाच पक्षात, स्वातंत्र्याच्या ऐन क्षणी. पुढच्या दहा वर्षांत हे चित्र पार बदलणार होतं.

पक्ष सुटला

अध्यक्ष झाल्यावर वर्षभरातच कृपलानींनी राजीनामा दिला. तक्रार अशी की सरकार मोठे निर्णय घेतं आणि पक्षाला विचारतसुद्धा नाही. 1950 मध्ये ते पुन्हा अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. सामना तिरंगी झाला. पुरुषोत्तमदास टंडन यांना 1306 मतं, कृपलानींना 1092 आणि शंकरराव देवांना 202. सरदार पटेलांचा कल टंडनांकडे होता, नेहरूंचा कृपलानींकडे. पण बाजी टंडनांनी मारली.

1951 मध्ये कृपलानींनी काँग्रेस सोडली आणि किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. सुचेताबाईही त्यांच्यासोबत बाहेर पडल्या. ज्या संघटनेत सगळी उमेद घातली, जिची कचेरी बारा वर्षं चालवली, ती सोडून साठीतल्या माणसाने नवं दुकान मांडायचं, हे सोपं नव्हतं.

पहिली हार: 1952

पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. पक्षाचा मुख्य पुढारी कृपलानी फैजाबादमधून उभे राहिले. सुचेताबाई त्याच पक्षाच्या तिकिटावर नवी दिल्लीतून. निकाल लागला तेव्हा पुढारी पडला होता आणि त्याची बायको काँग्रेसच्या मनमोहिनी सहगल यांना हरवून लोकसभेत पोहोचली होती.

आपल्याकडे असं झालं तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. बायको सरपंच होते आणि खुर्चीत नवरा बसतो. इथे तसं घडलं नाही. सुचेताबाई लोकसभेत स्वतःच्या नावाने बसल्या आणि बोलल्या. कृपलानींनी 1953 मध्ये बिहारमधली भागलपूर-पूर्णियाची पोटनिवडणूक लढवली आणि ती जिंकून ते मागून सभागृहात आले. त्याआधी, 1952 च्या उत्तरार्धात, त्यांचा पक्ष समाजवादी पक्षात विलीन होऊन प्रजा समाजवादी पक्ष झाला होता. एसेम जोशी, नानासाहेब गोरे, बॅरिस्टर नाथ पै ही आपली मंडळी ज्या पक्षात होती, तोच हा पक्ष.

बायको परत गेली

पुढच्या काही वर्षांत सुचेताबाईंनी आपला निर्णय घेतला. त्या काँग्रेसमध्ये परत गेल्या. 1957 मध्ये नवी दिल्लीतूनच त्या पुन्हा निवडून आल्या, पण या वेळी काँग्रेसच्या उमेदवार म्हणून. कृपलानी त्याच निवडणुकीत बिहारच्या सीतामढीतून जिंकले, ते विरोधात.

आता जरा विचार करा. एकच लोकसभा. सत्ताधारी बाकांवर बायको, विरोधी बाकांवर नवरा. 1958 ते 1960 या काळात तर सुचेताबाई काँग्रेसच्या सरचिटणीस होत्या, म्हणजे ज्या पदावर कृपलानींनी बारा वर्षं काढली तेच पद. नवरा सभागृहात उठून सरकारचे वाभाडे काढायचा आणि त्या सरकारच्या पक्षाचा कारभार बघायला त्याचीच बायको.

टिंगल व्हायचीच. एक किस्सा दिल्लीत आजही सांगितला जातो. कृपलानी काँग्रेसवर तुटून पडले असताना समोरून कुणीतरी टोमणा मारला की तुमच्या पत्नीला तर हाच पक्ष आवडतो. कृपलानींनी लगेच सुनावलं, की काँग्रेसवाले मूर्ख आहेत एवढंच मला आजवर वाटत होतं, दुसऱ्यांच्या बायका पळवण्यापर्यंत त्यांची मजल गेलीय हे माहीत नव्हतं. सभागृह हसून लोटपोट झालं म्हणतात.

किस्सा आजच्या कानांना थोडा खटकेल. बायको म्हणजे पळवून नेण्याची वस्तू नव्हे, आणि सुचेताबाईंना तर कुणी पळवून नेण्याची सोयच नव्हती. पण त्या उत्तरात दुसरंही काही आहे. टोमणा बायकोवरून मारला होता. कृपलानींनी तो बायकोकडे वळवला नाही. राग काढायचा तो समोरच्या पक्षावर काढला. घरच्या माणसाला चारचौघांत कमी लेखलं नाही.

दुसरी हार: मुंबई, 1962

कृपलानींच्या आयुष्यातली सर्वांत गाजलेली निवडणूक झाली आपल्या मुंबईत. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. उत्तर मुंबईतून काँग्रेसचे उमेदवार होते संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन. कृपलानी त्यांचे जुने टीकाकार. चीन सीमेवर काय चाललंय, सैन्याची तयारी किती आहे, अधिकाऱ्यांशी मंत्री कसे वागतात, यावरून त्यांनी 1961 मध्ये लोकसभेत मेनन यांच्यावर घणाघाती भाषण केलं होतं. आता ते मेनन यांच्याविरुद्ध अपक्ष म्हणून उभे राहिले आणि विरोधी पक्षांपैकी बरेच जण त्यांच्या पाठीशी आले.

गोव्यातल्या वाचकांना या निवडणुकीचा धागा लगेच लागेल. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला आणि संरक्षणमंत्री होते मेनन. दोनच महिन्यांनी मतदान. ही कारवाई निवडणुकीवर डोळा ठेवून केली अशी टीका तेव्हा झाली, पण गोव्याच्या लोकांसाठी साडेचारशे वर्षांची सत्ता संपली हे खरं होतं आणि मुंबईत स्थायिक झालेल्या गोंयकारांसाठीही. मेनन यांची हवा त्यामुळे वाढली. खुद्द नेहरू मुंबईत त्यांच्या प्रचाराला आले. कम्युनिस्टांनीही मेनन यांना बळ दिलं. परदेशी पत्रकार ही लढत बघायला मुंबईत येऊन राहिले.

निकाल एकतर्फी लागला. मेनन दीड लाखांच्या आसपास मताधिक्याने जिंकले. त्र्याहत्तर वर्षांचे कृपलानी पडले, आणि पडले ते जुन्या सोबत्याने, जवाहरलालने, समोरच्यासाठी मतं मागितल्यावर.

त्या वेळी सुचेताबाई कुठे होत्या? त्या 1960 पासून उत्तर प्रदेशात काँग्रेस सरकारमध्ये मंत्री होत्या. 1962 च्या त्याच हंगामात त्या बस्ती जिल्ह्यातल्या मेंहदावलमधून विधानसभेवर निवडून आल्या. ज्या पक्षाने मुंबईत नवऱ्याला पाडलं, त्याच पक्षाच्या चिन्हावर बायको लखनौला आमदार झाली.

दोघांनी एकमेकांसाठी आपापला पक्ष सोडला नाही. आणि पक्षासाठी एकमेकांनाही सोडलं नाही.

सहा आठवड्यांत दोन घटना

1962 च्या ऑक्टोबरमध्ये चीनने आक्रमण केलं. आपली तयारी किती तोकडी होती हे उघड झालं आणि मेनन यांना मंत्रिपद सोडावं लागलं. कृपलानींनी आधी दिलेले इशारे लोकांना आठवले. 1963 मध्ये अमरोह्याच्या पोटनिवडणुकीत ते निवडून आले. त्याच फेरीत फर्रुखाबादमधून राममनोहर लोहिया आणि राजकोटमधून मिनू मसानी लोकसभेत पोहोचले.

ऑगस्ट 1963 मध्ये कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला हा पहिलाच अविश्वास ठराव. चार दिवस चर्चा चालली. ठरावाच्या बाजूने 62 मतं पडली, विरोधात 347. सरकार हललंसुद्धा नाही. पण पंतप्रधानाला चार दिवस बसून टीका ऐकावी लागली, तिला उत्तर द्यावं लागलं, आणि तो पायंडा पडला.

यानंतर सहा आठवड्यांनी, 2 ऑक्टोबर 1963 ला, सुचेता कृपलानी उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. कामराज योजनेखाली चंद्रभानू गुप्तांनी पद सोडलं होतं आणि पक्षाने सुचेताबाईंना पुढे केलं. देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री त्या. गोव्यात शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या त्या यानंतर दहा वर्षांनी, 1973 मध्ये.

नवरा दिल्लीत काँग्रेस सरकार पाडायला उभा आणि बायको लखनौत काँग्रेसचं सर्वांत मोठं राज्य चालवायला बसलेली. काँग्रेसमधल्या तिच्या विरोधकांना हे आयतं कोलीत होतं. नवऱ्याला आवरा, नाहीतर पद सोडा, असं म्हणणं कुणालाही सोपं होतं. कृपलानींनाही उलट बाजूने ऐकावं लागलं असणार. पण ते सरकारवर टीका करायचे थांबले नाहीत आणि सुचेताबाईंनी साडेतीन वर्षं राज्य चालवलं. राज्य कर्मचाऱ्यांचा 62 दिवसांचा संप झाला, तेव्हाही त्या सहजासहजी वाकल्या नाहीत. कठोर प्रशासक म्हणून त्यांचं नाव झालं.

तिसरी हार: 1967

1967 मध्ये कृपलानी रायपूरमधून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. वय अठ्ठ्याहत्तर. त्याच निवडणुकीत सुचेताबाई गोंड्यातून लोकसभेवर निवडून आल्या, काँग्रेसच्याच तिकिटावर. तिसऱ्यांदा तेच. एकाचा पराभव आणि दुसऱ्याचा विजय, एकाच घरात.

गंमत म्हणजे 1967 मध्येच कृष्ण मेननही पडले. काँग्रेसने मुंबईतून तिकीट नाकारलं, ते अपक्ष लढले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. काही दिवसांतच बर्वे वारले, पोटनिवडणूक लागली, तीही मेनन यांनी बर्वेंच्या भगिनी तारा सप्रे यांच्याविरुद्ध गमावली. पाच वर्षांपूर्वी ज्या लढतीसाठी सगळी मुंबई दोन गटांत विभागली होती, त्यातला जिंकलेलाही आता घरी होता आणि हरलेलाही. त्या लढतीवरून ज्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं असेल, त्यांच्या हाती काय राहिलं?

कुठे जमलं, कसं जमलं

कृपलानी दांपत्याला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. काही गोष्टी त्यांना सोप्या होत्या. दोघंही शिकलेले, दोघांचीही स्वतःची ओळख, दोघांचं काम बऱ्याचदा वेगवेगळ्या शहरांत. मूलबाळ नव्हतं. आपल्या वाड्यातल्या दोन भावांना एकच विहीर आणि एकच बांध वाटून घ्यायचा असतो, तसं त्यांचं नव्हतं. त्यामुळे त्यांना जमलं म्हणजे सगळ्यांना लगेच जमेल असं म्हणणं बरोबर नाही.

पण त्यांच्या वागण्यातल्या काही गोष्टी सरळ दिसतात.

पहिली म्हणजे, दोघं एकमेकांविरुद्ध एकाच मतदारसंघात कधी उभे राहिले नाहीत. पक्ष विरुद्ध होते, माणसं समोरासमोर आणून लढवली नाहीत. आपल्याकडे मात्र दोन जावांना किंवा दोन भावांना एकाच वॉर्डात उभं करण्यात पुढाऱ्यांना विशेष आनंद वाटतो. तिकीट देणारा निघून जातो आणि भांडण घरात राहतं. अशी उमेदवारी घेण्याआधी दहा वेळा विचार करावा.

दुसरी गोष्ट, मत बदलायचा हक्क. 1951 मध्ये सुचेताबाई नवऱ्यासोबत पक्षाबाहेर पडल्या आणि नंतर परत गेल्या. घराण्याच्या इज्जतीचा प्रश्न करून कृपलानींना त्यांना अडवता आलं असतं. आपल्या कितीतरी घरांत बाईचं मत अजून घरचा कर्ता ठरवतो, आणि तिने वेगळं बटण दाबलं असा नुसता संशय आला तरी आदळआपट होते. राजकारणावरून घरात जे भांडण होतं, त्याची किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते. माहेर एका पक्षाचं, सासर दुसऱ्या, आणि निकालानंतर तिचं माहेरी जाणं बंद. कृपलानींच्या घरात ही किंमत बाईला मोजावी लागली नाही.

तिसरी, हरल्यावरचं वागणं. हरलेला माणूस दुखावलेला असतो. त्याला जवळच्याचं यश टोचतं, हे स्वाभाविक आहे. कृपलानी प्रत्येक पराभवानंतर राजकारणातच परतले. फैजाबादनंतर भागलपूर, मुंबईनंतर अमरोहा. आपल्या पराभवाचं उत्तर त्यांनी मतदारांकडे मागितलं, बायकोकडे मागितलं नाही.

चौथी गोष्ट, जिंकणाऱ्याचीही जबाबदारी असते. हरलेल्याने मन मोठं करावं असं सगळे सांगतात, पण जिंकलेल्याने काय करावं हे कुणी बोलत नाही. सुचेताबाई तिन्ही वेळा जिंकणाऱ्या बाजूला होत्या आणि पुढे हातात सत्ता होती. त्यांनी कृपलानी हे आडनाव लपवलं नाही, की पक्षात वजन वाढावं म्हणून नवऱ्यापासून फारकत घेतली नाही. भावाच्या दारासमोर मुद्दाम जास्त वेळ डीजे वाजवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

वाटा पुन्हा जवळ आल्या

1969 मध्ये काँग्रेस फुटली. सुचेताबाई इंदिरा गांधींच्या बाजूला गेल्या नाहीत, संघटना काँग्रेसमध्ये राहिल्या. म्हणजे सत्ताधारी पक्षापासून त्याही बाहेर पडल्या. कृपलानी तर इंदिराजींचे कडक टीकाकार होतेच. अशा रीतीने चौदा-पंधरा वर्षं दोन टोकांना असलेली ही दोन माणसं पुन्हा एका बाजूला आली. पक्षाची वेस त्यांच्यामध्ये कायमची राहणार नव्हती, पण 1957 किंवा 1962 मध्ये हे कुणाला माहीत होतं? त्या वेळी रागाच्या भरात घर मोडलं असतं, तर राजकारण पुन्हा जुळल्यावर परतायला जागा उरली नसती.

1971 नंतर सुचेताबाईंनी राजकारण सोडलं. 1 डिसेंबर 1974 ला त्या गेल्या. वीस वर्षांनी लहान बायको आधी गेली आणि शहाऐंशी वर्षांचे कृपलानी मागे राहिले.

त्यानंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनात ते होते, आणीबाणीला त्यांनी उघड विरोध केला. 1977 मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला तेव्हा पंतप्रधान कोण व्हावा हे ठरवण्याचं काम जयप्रकाश आणि कृपलानी या दोन म्हाताऱ्यांवर सोपवलं गेलं. त्यांनी मोरारजी देसाईंचं नाव पुढे केलं. ज्या माणसाला मतदारांनी तीनदा नाकारलं होतं, त्याच्या शब्दावर देशाचा पंतप्रधान ठरला. 19 मार्च 1982 ला अहमदाबादला, त्र्याण्णव वर्षांचे असताना, कृपलानींचं निधन झालं.

दिल्लीत लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजला जोडलेलं रुग्णालय आज सुचेता कृपलानी यांच्या नावाने ओळखलं जातं. रोज तिथे रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना या बाईंचा नवरा कोणत्या पक्षाचा होता हे बहुधा माहीत नसेल आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नाही.

पुढची निवडणूक येईलच. ग्रामपंचायतीची, विधानसभेची, नाहीतर साखर कारखान्याची. मत ज्याला द्यायचं त्याला द्यावं, प्रचारही जोरात करावा. मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी हरलेल्या भावाच्या, बहिणीच्या, मेहुण्याच्या घरी एकदा जाऊन यावं. निकालाचा विषय काढायची गरज नाही. चहा घ्यावा, म्हाताऱ्यांची तब्येत विचारावी आणि परत यावं.